नऊशे तीसला पास, छत्तीसला नापास

माझा धंदा तापवण्याचा आहे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या सेकंड स्टेजला, पत्र्याच्या एका शेडमध्ये माझ्या दोन भट्ट्या आहेत. लोकांची गिअरं, पिना, शाफ्ट आमच्याकडे येतात. आम्ही ती ९३० अंशांवर तासन्‌तास भाजतो, तेलात बुडवतो, पुन्हा थोडी तापवतो आणि चलन फाडून परत पाठवतो. गावाकडचा लोहार याला 'पाणी देणं' म्हणायचा. व्हिजिटिंग कार्डावर 'हीट ट्रीटमेंट' लिहिलं की तेवढाच दर वाढवून मागता येतो. भट्टी पाच अंश इकडची तिकडे झाली तर मला जेवणाच्या ताटावर अस्वस्थ वाटतं. असा हा मी, दर एप्रिलात दोन पोरांच्या गालांपुढे हात टेकतो.

मुलं गोरी आहेत. मराठी घरात हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हणायची सोय नाही. "मुलं फार गोरी आहेत हो, उन्हाळ्यात हाल होतात," असं म्हटलं की ऐकणारा, "आमचं घर फार मोठं आहे हो, झाडून झाडून कंबर जाते," असं कोणीतरी म्हणाल्यासारखा बघतो.

मी मूळचा सोलापूरचा, रंगाने तव्याच्या मागच्या बाजूचा. बायको चिपळूणची. साखरपुड्यात फोटोग्राफरच्या नाकी नऊ आले होते. मी दिसावा तर शेजारी नुसती पांढरी भिंत, ती दिसावी तर माझे फक्त दात. पुढे मुलांनी वाटणी करून घेतली. रंग आईचा, घारे डोळे आईचे. माझ्याकडून थोरल्याने घोरणं घेतलं आणि धाकटीने हट्ट. २०२४ साली थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. दोघंही पंधरा मिनिटं उन्हात उभी राहिली की आधी गुलाबी, मग टोमॅटोसारखी लाल, आणि दोन दिवसांनी नव्या बटाट्यासारखी सोलवटलेली.

सुरुवातीला मी हे सगळं थट्टेवारी नेलं. सोलापूरच्या माणसाला बेंगळुरूच्या उन्हाचं काय कौतुक? आमच्याकडे ४३ म्हणजे लग्नाचा मुहूर्त. ४४ला मंडपात पंगत उठते आणि पंचेचाळिशी गाठली की वऱ्हाडातला एखादा म्हणतो, "आज जरा उकडतंय, नाही?" आईला फोनवर सांगितलं, "अगं, इथं छत्तीस झालंय," तर ती म्हणाली, "म्हणजे अजून चादर घेताय होय रे?"

बेंगळुरूवाल्यांचं याच्या उलट. इथे ऊन पडणं हाच मुळी अपमान. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, त्यामुळे ते थंडच असायला हवं, असा सर्वांचा समज. किंबहुना तो भाडेकरारातच लिहिलेला असावा. आमचे घरमालक दर एप्रिलात मला सांगतात, "इल्ली फॅनच नव्हता आमच्याकडे. मे महिन्यात स्वेटर घालायचो." दरवर्षी त्या आठवणीतली थंडी वाढत जाते. गेल्या वर्षी स्वेटर होता, यंदा मफलर आला. आणखी पाच वर्षांनी १९८०च्या मे महिन्यात मल्लेश्वरमला बर्फ पडलेला असेल. त्यांना मी एकदा सांगून बघितलं की २४ एप्रिल २०१६ रोजी याच शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली आहे, आणि त्याआधीचा ३८.९चा उच्चांक १९३१ सालचा, म्हणजे फॅन नव्हते तेव्हाचा आहे. ते म्हणाले, "थर्मामीटर हळेदु इरबेकु." म्हणजे थर्मामीटर जुना असणार.

तर सन २०२४चा उन्हाळा. मार्चपासूनच शहराच्या बोअरवेल आटल्या. टँकरवाला म्हणजे कुलदैवत झाला. त्याचा फोन लागला की बायको आधी नमस्कार करून मग बोलायची. जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला, बागेला, कारंज्यांना वापरायला बंदी घातली. पाच हजार रुपये दंड. गच्चीवर पोरांसाठी आणलेला प्लॅस्टिकचा निळा टब मी घाबरून लोणच्याच्या बरण्यांमागे लपवून ठेवला. लोखंडाला पाणी देण्यात बावीस वर्षं गेली आणि घरच्या नळाला पाणी नाही! एप्रिलात इथे आंब्याच्या सरी येतात, 'मँगो शॉवर्स' म्हणतात त्यांना, त्याही त्या वर्षी फिरकल्या नाहीत. त्यातच शाळांना सुट्टी लागली, बायकोच्या ऑफिसला लागली नाही, आणि पोरं माझ्याबरोबर पीण्याला यायला लागली.

पीण्या हे आशियातल्या सगळ्यात मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक, असं इथला प्रत्येक जण तुम्हाला दुसऱ्या मिनिटाला सांगतो. पहिल्या मिनिटाला पेमेंट अडकलं आहे हे सांगतो. इथे सगळं मिळतं: टूलरूम, प्लेटिंग, पावडर कोटिंग, स्प्रिंगा, भंगार, उत्तम इडली. सावली तेवढी मिळत नाही. मेट्रोच्या 'पीण्या इंडस्ट्री' स्टेशनवर उतरून शेडपर्यंत वीस मिनिटं चालायचं. वर मेट्रोचा एवढा थोरला पूल आहे, पण त्याची सावली दुपारी नेमकी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर पडते. ती खायला तिथे दोन कुत्री असतात.

म्हणून आम्ही एक पद्धत बसवली. मी उन्हाच्या बाजूने चालायचं आणि पोरांनी माझ्या सावलीत. मी तसा आडवातिडवा आहे. सकाळी नऊला माझ्या सावलीत दोघंही डब्यासकट मावायची. पण जेवायला म्हणून अकरा-साडेअकराला बाहेर पडलो की सावली एकाचीच राहायची आणि मग भांडण.

"बाबा, ती माझ्या पोटाच्या भागात आलीय."

"बाबा, जरा जाड व्हा ना."

जाड हो म्हणून जगात कोणीतरी विनवतंय, हा अनुभव मी मनाशी जपून ठेवला आहे.

तरी आठवड्याभरात पोरं भाजलीच. मी ती डॉक्टरांकडे नेली. म्हटलं, "तापमान फक्त छत्तीस आहे हो. वारा पण छान होता."

डॉक्टर म्हणाल्या, "छत्तीसने नाही भाजली. अतिनील किरणांनी भाजली. त्याचा उकाड्याशी संबंध नाही. उलट वारा असला की कळतच नाही आणि माणूस जास्त वेळ उभा राहतो. शिवाय आपण उंचावर, आणि विषुववृत्ताच्या जवळ. कातडीत मेलॅनिन कमी असलं की संपलं."

मी सुन्न. बावीस वर्षं मी तापमान मोजतोय. दर भट्टीत तीन-तीन थर्मोकपल लावून बसतो. आणि माझीच पोरं भलत्याच कशाने तरी भाजतायत, ज्याला थर्मोकपलच नाही! गवंड्याचं घर पावसाने नाही, वाळवीने पडावं, तसं झालं.

डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलं. औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि कोणी न विचारता दुसरी एक ट्यूब काउंटरवर ठेवली. "सर, तुम्हाला हे चांगलं." ते गोरं करणारं क्रीम होतं. ज्या देशात हे १९७५ पासून खपतंय आणि २०२० साली ज्याच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला, तिथे त्या दुकानदाराचं काय चुकलं? मी म्हटलं, "मला नको, मुलांना हवंय." त्याने बाहेर उभ्या दोन घाऱ्या-गोऱ्या पोरांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "निम्म मक्कळा, सार?" तुमची मुलं?

हा प्रश्न मला बेंगळुरूत इतक्यांदा विचारला गेलाय की आधार कार्डाच्या शेजारी लग्नाचा फोटो ठेवायची वेळ आली आहे. खरं सांगायचं तर मला तो आवडतो. चारचौघांत मी रंगाबिंगाला मानत नाही. हुंडा, पत्रिका आणि गोरेपणा यांवर मंडळाच्या हळदीकुंकवात भाषण करून आलोय. पण नारळवाल्याने "फारिनर्रा?" म्हणून विचारलं की माझी मान अर्धा इंच ताठ होते. मग तो शहाळ्याचे ऐंशी रुपये सांगतो आणि ती पुन्हा जागेवर येते. भाव करायला मी माझं सोलापुरी कन्नड काढतो, "कडिमी माडरि," आणि तो हसतो, कारण इथे 'रि' लावलं की माणूस उत्तर कर्नाटकातला ठरतो आणि त्याला चेष्टेचा दर लागतो. शेवटी धाकटी पुढे होते. "अंकल, गंजि जास्ती इरोदु कोडि." जास्त मलई असलेलं द्या. अस्सल बेंगळुरी! नारळवाल्याचा कोयता हवेत थांबतो. भाव पन्नासवर येतो.

सनस्क्रीनवर मी जरा अभ्यास केला. आपल्याला एखादी गोष्ट लावायची तर आधी तिचं स्पेसिफिकेशन वाचायची सवय. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी प्रकारचं अतिनील अडवतं, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. पण त्याला अट आहे: दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावलं तरच. आणि दर दोन तासांनी पुन्हा. दोन मिलिग्रॅम म्हणजे वीस मायक्रॉनचा थर. शेजारच्या शेडमध्ये पावडर कोटिंग होतं, तिथे साठ ते ऐंशी मायक्रॉन देतात, आणि एकदा दिलं की दहा वर्षं बघायला नको. मी हिशेब मांडला. थोरल्याचे हात, पाय, मान, तोंड मिळून चार हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे आठ ग्रॅम. धाकटीचे सहा. एका वेळी चौदा ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब, दर दोन तासांनी. म्हणजे सकाळी फोडलेली संध्याकाळच्या चहाला संपली. मी तो कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, "पोरांना कोटिंग करून घेण्यापेक्षा टोप्या घेऊन दे."

पण मला ते सनस्क्रीनच पटलं होतं, कारण त्यात झिंक ऑक्साइड होतं. झिंक म्हणजे आपलं जस्त. अर्धं पीण्या लोखंडावर जस्त चढवतंय. पत्रा गंजू नये म्हणून जे करतात तेच पोरांवर करायचं, एवढं सोपं. थर नीट बसला की नाही हे बघायला मी कोटिंगवाल्याकडून थिकनेस गेज मागून आणलं आणि धाकटीच्या गालाला लावलं. त्यावर एरर आला. ते गेज फक्त धातूवर चालतं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे मी लोखंडाची नाही?"

तिची समजूत काढायला दोन आइस्क्रीम लागली. एक माझं.

मग मापाला पर्याय म्हणून मी त्यांना आमचा रंगांचा तक्ता शिकवला. घासून चकचकीत केलेलं पोलाद हळूहळू तापवलं की त्यावर रंग चढतात: २२० अंशांना फिकट पिवळा, २५५ला तपकिरी, २८०ला जांभळा, ३००ला निळा. जुने कारागीर नुसत्या डोळ्यांनी सांगायचे. ऑफिसात तो तक्ता भिंतीवर आहे. पोरं दर अर्ध्या तासाला एकमेकांना तक्त्याशेजारी उभं करून गाल जुळवायला लागली. त्यात गुलाबी नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

रोज संध्याकाळी दोन फोन यायचे. चिपळूणहून सासूबाई: "काळवंडली का गं मुलं?" पोरं भाजली का, ताप आहे का, हे नाही, काळवंडली का. "साय लावा, मसुराचं पीठ लावा. मुलीची जात आहे." मुलीची जात सहा वर्षांची असून त्या वेळी कूलरसमोर तोंडाचा आ करून आवाज काढत होती. आणि सोलापूरहून आई: "खिशात कांदा ठेव त्यांच्या." ऊन लागू नये म्हणून कच्चा कांदा खिशात, हा आमच्याकडचा शेकडो वर्षांचा एसपीएफ. अतिनीलावर कांद्याचा काय परिणाम होतो माहीत नाही, पण आईशी वाद घालण्यापेक्षा कांदा स्वस्त. पोरांनी तो घेतला. तासाभरात आमच्या ऑपरेटरने भट्टीचं दार उघडून आत डोकावून बघितलं, काही करपतंय का म्हणून.

या सगळ्याचा कळस ऑडिटच्या दिवशी झाला. मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस वर्षातून एकदा तपासणीला येतो. त्या दिवशी पोरांना मी ऑफिसात कोंडून, पिवळी हेल्मेटं आणि वेल्डिंगचे काळे चष्मे खेळायला देऊन, हलायचं नाही अशी ताकीद दिली होती. साहेबांना मी भट्ट्या दाखवल्या, नोंदवह्या दाखवल्या, चहा पाजला. मग ते म्हणाले, मागचा कूलिंग टॉवर बघू.

शहरात कुठे नव्हतं ते पाणी आमच्या कूलिंग टॉवरच्या हौदात होतं. आणि त्यात, तोंडाला पांढरं जस्त फासलेली, हेल्मेट घातलेली, चष्मा लावलेली दोन गोरी माणसं गळ्यापर्यंत बसली होती. एक कांदा तरंगत होता.

साहेबांनी पेन काढलं. "चाइल्ड लेबर?"

"नाही हो, माझी मुलं आहेत."

त्यांनी मुलांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला पुढचा प्रश्न पाठ होता.

"निम्म मक्कळा?"

बायकोला व्हिडिओ कॉल लावून खात्री पटवावी लागली. ते भले गृहस्थ निघाले. बालमजुरीचा मुद्दा त्यांनी खोडला. पण रिपोर्टात एक त्रुटी राहिलीच: 'कूलिंग टॉवरमध्ये फॉरेन बॉडी आढळल्या. संख्या दोन.' ती बंद करायला मला कारणमीमांसेचा फॉर्म भरून द्यावा लागला. मूळ कारण: उन्हाळा. उपाययोजना: शाळा सुरू होणे. त्या पाण्यात शेवाळ मारायचं औषध असतं, म्हणून नंतर दोघांना पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या दोन कॅन ओतून धुतलं. कॅनवाल्याने दंडाची आठवण करून दिली ती वेगळीच.

आणि मग २४ एप्रिल आला. बेंगळुरू कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलात आणि एकदा ऑगस्टात, बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या पुढे मिनिटभर उभ्या वस्तूला सावलीच पडत नाही. थोरल्याने हे कुठेतरी वाचलं होतं आणि प्रयोग करायचाच म्हणून दोन दिवस डोकं खाल्लं होतं. सनस्क्रीन वीस मायक्रॉन, टोप्या, लांब बाह्या, असा पोरांचा पूर्ण बंदोबस्त केला. स्वतःला काही लावायचा प्रश्न नव्हता, सोलापूर.

आवारात सरफेस प्लेट मांडली. तिच्यावर दोन इंची शाफ्ट उभा केला आणि गुण्या लावून तपासला. ऑपरेटर, हेल्पर, शेजारचे कोटिंगवाले, सिक्युरिटी, सगळे गोल करून उभे. पत्र्यांवरून वाफा निघत होत्या. सवयीने दोघं पोरं माझ्या सावलीत येऊन उभी राहिली. शाफ्टची सावली आकसायला लागली तशी माझीही. आधी थोरला बाहेर पडला. मग धाकटी सरकत सरकत माझ्या पोटाला चिकटली. मग माझ्या बुटांवर चढून उभी राहिली. बारा वाजून सतरा मिनिटांनी शाफ्टची सावली शाफ्टखाली गेली आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटीने खाली बघितलं, मागे बघितलं, मग वर माझ्याकडे.

"बाबा, तुमची संपली."

"येईल परत. पाच मिनिटं थांब."

त्या नादात आम्ही अर्धा तास उभे राहिलो. शाफ्टची सावली पूर्वेला बोटभर परत कधी येते, यावर कोटिंगवाल्यांनी चहाची पैज लावली होती. आत आल्यावर मी पोरांच्या टोप्या काढून गाल तपासले. जसेच्या तसे. कुठे गुलाबीसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत टेकलो, रुमालाने डोकं पुसलं आणि ओरडलो. गेली सहा वर्षं माझ्या डोक्यावर मध्यभागी केस नाहीत, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर. चारशे मिलिग्रॅमचं काम होतं.

थोरला खुर्चीवर चढला. धाकटीने भिंतीवरचा तक्ता काढून माझ्या डोक्याशेजारी धरला. दोघांची बराच वेळ कुजबुज झाली.

"तपकिरी," थोरला म्हणाला. "दोनशे पंचावन्न."

"छे! जांभळं," धाकटी म्हणाली. "दोनशे ऐंशी. बाबा, आता तेलात बुडवायचं का?"